‘आपलेच’ म्हणण्याआधी सोनोबुदोयो पाहावे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काही दिवसांपूर्वी जावा बेटाविषयी एक प्रवासलेख प्रसिद्ध झाला. बोरोबुदुरचा स्तूप आणि प्रांबानानची देवळे यांचे वर्णन त्यात मनापासून केलेले होते आणि छायाचित्रेही सुरेख होती. मात्र संपूर्ण लेखाचा सूर असा होता की, जावामध्ये पाहण्यासारखे जे काही आहे ते मूळचे आपलेच आहे, तेथील लोकांनी ते कसेबसे सांभाळले आहे आणि सांभाळता सांभाळता बरेचसे बिघडवूनही ठेवले आहे. द्रौपदीला एकच पती होता असे तेथे मानतात, याला लेखकाने सरळ अज्ञान म्हटले आहे. हा सूर मला खटकला. तो खटकण्याचा अधिकार मला आहे असे मी म्हणणार नाही, कारण जुलै २०२५ मध्ये योग्यकार्ता शहरातील सोनोबुदोयो संग्रहालय पाहीपर्यंत मीही याच सुरात बोलत असे. तेथे घालवलेल्या दोन दिवसांत माझे मत का बदलले, एवढेच या पत्रात सांगायचे आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त जकार्तात असतो. त्याच्याकडे मुक्काम असताना आम्ही गंबीर स्थानकावरून सकाळच्या गाडीने योग्यकार्त्याला गेलो. प्रवासी कंपन्यांचे गट या शहरात साधारणपणे एक दिवस थांबतात. दिवसभरात दोन्ही देवस्थाने उरकतात आणि संध्याकाळी मालिओबोरो रस्त्यावर बातिकची खरेदी करतात. त्या रस्त्याच्या दक्षिण टोकापासून सोनोबुदोयो पायी दहा मिनिटांवरही नाही. सुलतानाच्या राजवाड्यासमोरच्या मोठ्या मैदानाच्या उत्तर बाजूला, जावानी पद्धतीच्या उतरत्या कौलारू छपराची ही बैठी वास्तू उभी आहे. जावाच्या संस्कृतीच्या अभ्यासासाठी १९१९ मध्ये स्थापन झालेल्या जावा इन्स्टिट्यूटने ती उभारली आणि ६ नोव्हेंबर १९३५ रोजी आठवे सुलतान हामेंगकुबुवोनो यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिचे वास्तुरचनाकार थॉमस कार्स्टेन हे डच होते. डच अंमलात तेथे युरोपीय धाटणीच्या इमारती धडाक्याने बांधल्या जात असताना त्यांनी या संग्रहालयासाठी जावानी घराचा आराखडा निवडला. पुढे १९४५ मध्ये जपानी बंदिवासात त्यांचा अंत झाला.

नावापासूनच सांगते. जावानी भाषेत शब्दाच्या शेवटचा ‘आ’ उच्चारताना ‘ओ’सारखा होतो, त्यामुळे लिहिताना ‘सानाबुदाया’ असलेले नाव तोंडाने सोनोबुदोयो होते. सुलतानांच्या नावातील ‘बुवोनो’ म्हणजे आपले ‘भुवन’. हे एकदा कानाला कळले की पाट्यांवरचे शब्द ओळखीचे वाटू लागतात, आणि ‘आपलेच’ म्हणण्याचा मोह नेमका तेथेच सुरू होतो. मलाही तो झाला. पहिल्या दालनात जावानी घरातील क्रोबोंगान, म्हणजे अंतर्गृहातील मखरासारखा सजवलेला पलंग, मांडलेला आहे आणि त्याच्यापुढे लोरो ब्लोन्यो ही वधूवरांची बसलेली जोडी आहे. भाताची देवता देवी श्री आणि तिचा जोडीदार सादोनो यांची ही रूपे आहेत, असे कळल्यावर मी भाच्याला लगेच म्हणाले, “ही तर आपली लक्ष्मी.” आमच्याबरोबर असलेली मार्गदर्शक मुलगी पंचविशीची असेल. ती हसली आणि म्हणाली की, आमच्याकडे ती शेतात राहते.

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत गणित शिकवले. हे कळल्यावर त्या मुलीने वहीचे एक पान काढले आणि त्यावर संग्रहालयाचे वर्ष सांगणारे एक वाक्य लिहिले, ‘बुता ङरासा एस्थिनिंग लाता’. जावामध्ये महत्त्वाच्या घटनेचे वर्ष आकड्यांत न सांगता शब्दांत गुंफण्याची रीत आहे आणि तिला सेंगकालान म्हणतात. प्रत्येक शब्दाला एक ठरलेला अंक असतो. बुता म्हणजे राक्षस, त्याचे पाच. ङरासामधला ‘रासा’ म्हणजे चव, तिचे सहा. एस्थी हा शब्द हत्तीशी जोडतात, त्याचे आठ. लाता म्हणजे वेल, तिचा एक. पाच, सहा, आठ, एक असे अंक तिने शब्दांखाली मांडले आणि ती पुढे काही सांगणार तोच मी म्हणाले, “उजवीकडून वाचायचे. १८६५.” जावानी कालगणनेतील १८६५ हे वर्ष म्हणजे इ. स. १९३४, संग्रहालयाच्या पायाभरणीचे वर्ष. मला ते कसे कळले, असे तिने विचारले. मी तिला ‘अंकानां वामतो गतिः’ हा नियम सांगितला. भूते पाच, कारण पंचमहाभूते. रस सहा, कारण षड्रस. हत्ती आठ, कारण अष्टदिग्गज. शब्द तोच आणि अंकही तोच राहिला, फक्त भूताचा तेथे राक्षस झाला आणि तरीही तो पाचावरून हलला नाही.

आपल्याकडे या पद्धतीला भूतसंख्या म्हणतात, आणि गणिताच्या कोणत्याही मराठी शिक्षकाला तिचे एक उदाहरण तरी पाठ असावे. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष ‘रसगुणपूर्णमही’ असे दिले आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही एक. म्हणजे शके १०३६, इ. स. १११४. त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल याची गणती नाही. पण त्या मुलीने वहीच्या त्याच पानावर दुसरी ओळ लिहिली, तेव्हा माझ्या हातातली पिशवी खाली ठेवून मी तेथेच बाकावर बसले. ती ओळ होती, ‘सांगा कुदा शुद्ध चंद्रमा’. सांगा म्हणजे नऊ, कुदा म्हणजे घोडा, सूर्याच्या रथाचे सात, शुद्ध म्हणजे शून्य, चंद्रमा एक. शके १०७९, इ. स. ११५७. केदिरीचा राजा जयभय याच्या आश्रयाने एम्पू सेदाह या कवीने जुन्या जावानी भाषेत भारतयुद्ध काव्य लिहायला घेतले आणि एम्पू पानुलुह याने ते पुरे केले, त्या काव्याचे हे वर्ष. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे शके १०७२ मध्ये, सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. सात वर्षांचे अंतर. आपल्याकडे एक माणूस ग्रहगणित लिहीत होता आणि समुद्रापलीकडे दुसरा कुरुक्षेत्राची लढाई आपल्या लोकांच्या भाषेत सांगत होता, आणि दोघेही काळ एकाच रीतीने मोजत आणि एकाच रीतीने लिहीत होते. यात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्या शब्दांवरून ओळखता येत नाही.

यानंतरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे ही पद्धत पोथ्यांत आणि शिलालेखांत राहिली. रोजच्या व्यवहारातून ती केव्हाच गेली. जावामध्ये ती बाराशे वर्षे अखंड वापरात आहे. तेथील चांगल येथे सापडलेल्या, राजा संजयाच्या संस्कृत शिलालेखाचे वर्ष ‘श्रुती-इंद्रिय-रस’ असे आहे. चार, पाच, सहा, म्हणजे शके ६५४, इ. स. ७३२. मजापहित साम्राज्याच्या अस्ताचे वर्ष जावातील लोक ‘सिर्ना इलांग केर्तानिंग बुमी’ असे सांगतात. त्या शब्दांचा अर्थ आहे, नाहीसे झाले, हरवले पृथ्वीवरचे वैभव, आणि त्यांचे अंक आहेत शून्य, शून्य, चार, एक, शके १४००. हे वाचताना अंक आणि शोक एकाच वेळी कळतात. सोनोबुदोयोसमोरचे मैदान ओलांडले की राजवाडा लागतो. तेथे एकमेकांत गुंतलेले दोन नाग कोरलेले आहेत. ती नुसती नक्षी नाही. ‘द्वि नागा रासा तुंगगाल’ हे वाक्य त्या नागांच्या रूपाने लिहिले आहे. दोन, आठ, सहा, एक. जावानी वर्ष १६८२, इ. स. १७५६. त्याच्या आदल्याच वर्षी ग्यांतीच्या तहाने माताराम राज्याची वाटणी होऊन योग्यकार्त्याचे स्वतंत्र राज्य निर्माण झाले होते. भास्कराचार्यांना असा आकडा कोरीव कामात दाखवलेला पाहायला मिळाला असता तर किती आनंद झाला असता, असे मला त्या नागांपाशी उभी असताना वाटले.

शकाचीही कथा अशीच आहे. मातारामचा सुलतान अगुंग याने १६२८ आणि १६२९ मध्ये डचांच्या बाताव्हियावर, म्हणजे आजच्या जकार्तावर, दोन स्वाऱ्या केल्या, त्या फसल्या. नंतर १६३३ मध्ये त्याने आपल्या राज्याची कालगणना बदलली. महिने आणि वर्षाची लांबी इस्लामी चांद्रवर्षाप्रमाणे घेतली, पण वर्षाचा आकडा हिजरीचा न घेता शके १५५५ तसाच पुढे चालू ठेवला. तेव्हा शिवराय तीन-साडेतीन वर्षांचे होते. पुढे १६७४ मध्ये त्यांनी राज्याभिषेक शक सुरू केला, त्यामुळे राजाने स्वतःची कालगणना चालवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे जावानी वर्ष आपल्यापेक्षा भरभर धावते. मी तेथे होते तेव्हा आपल्या पंचांगात शके १९४७ चालू होते आणि संग्रहालयाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत १९५९. एकाच आकड्यावरून निघालेल्या दोन गणना पावणेचारशेहून अधिक वर्षांत बारा वर्षांनी दूर गेल्या आहेत. मुसलमान सुलतानाने शालिवाहनाचा आकडा राखला आणि त्याला आपली चाल दिली. याला बिघडवणे म्हणायचे का, हे आपल्या लेखकाने कृपया सांगावे.

आता बाहुल्यांविषयी. सोनोबुदोयोतील वायांग कुलितच्या, म्हणजे कातडी छायाबाहुल्यांच्या, दालनात मी सर्वांत जास्त वेळ होते. म्हशीचे कातडे तासून, वाळवून, छिन्नीने छिद्रे पाडून आणि मग रंगवून या बाहुल्या करतात; धरायची काठी म्हशीच्या शिंगाची असते. अर्जुनाची बाहुली काचेत नाकाच्या टोकापासून वीतभर अंतरावर पाहिली. चेहरा खाली झुकलेला, डोळा तांदळाच्या दाण्याएवढा आणि तेवढाच अरुंद, नाक सरळ सुईसारखे, केसांचा अंबाडा कोळंबीच्या नांगीसारखा वर वळलेला. कातड्यातील छिद्रे इतकी बारीक होती की, पलीकडच्या दिव्याचा उजेड त्यांतून पिठासारखा गाळून येत होता. सौम्य प्रकृतीचे पात्र नेहमी खाली पाहते; उग्र पात्राचे डोळे गोल आणि नाक जाड असते. म्हणून प्रेक्षकाला नाव माहीत नसले तरी माणूस कसा आहे ते कळते. भीमाची बाहुली अंगाने मोठी असून तिच्या अंगठ्याचे नख लांब, शस्त्रासारखे आहे. त्या नखाला पंचनका म्हणतात. जावानी भाषेत मान देऊन बोलण्याची आणि एकेरीने बोलण्याची अशा पूर्ण वेगळ्या पातळ्या आहेत, आणि छायानाट्यातील भीम थोरामोठ्यांशी, देवांशीसुद्धा, एकेरीतच बोलतो. मान देतो तो फक्त देवरुचीला, जो त्याला समुद्रात भेटतो आणि ज्ञान देतो. विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या आपल्या संतांचे वाचक हे वाचून थांबतील, अशी मला आशा आहे.

युधिष्ठिराच्या हाती तेथे शस्त्र नाही, कालिमासादा नावाचे एक पवित्र लिखित आहे, आणि बहुतेक जावानी लोक ते नाव इस्लामच्या कलिमा-ए-शहादतशी जोडतात. पांडवांच्या सेवेला सेमार आणि त्याची मुले गारेंग, पेत्रुक, बागोंग असतात. आपल्या महाभारतात त्यांचा पत्ताही नाही. तेथे त्यांच्याशिवाय खेळ होत नाही. सेमार दिसायला ढेरपोट्या, ओबडधोबड नोकर असला तरी मुळात तो देव आहे, आणि राजांना खरे बोलून दाखवण्याचा हक्क त्याच्याकडे आहे. संध्याकाळी संग्रहालयातच छायानाट्याचा लहान प्रयोग झाला. गावोगावचा खेळ रात्रभर चालतो, हा दीड-दोन तासांचा होता. निम्मा वेळ मी पडद्याच्या पुढे बसले, निम्मा वेळ मागे दालांगच्या बाजूला. दालांग म्हणजे बाहुल्या नाचवणारा, सर्व पात्रांचे संवाद बोलणारा आणि गामेलान या वाद्यवृंदाच्या वादकांना पायाने खूण देणारा एकटा माणूस. पुढे फक्त सावल्या दिसतात; बाहुल्यांचे सोनेरी आणि तांबडे रंग मागे बसणाऱ्यालाच दिसतात. त्या रात्रीचा दालांग मुसलमान होता, आणि रामाचे पात्र हाती घेताना त्याने ज्या सावकाशीने ते उचलले ती मी विसरणार नाही.

द्रौपदीच्या एका पतीकडे या दालनातून पाहावे. जावामध्ये मूळ कथा कुणाला ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. राजा धर्मवंश याच्या काळात महाभारताची पर्वे जुन्या जावानी गद्यात उतरली. त्यांतील विराटपर्व इ. स. ९९६ चे आहे. आपली ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. संस्कृत कथा लोकांच्या भाषेत आणण्याचे काम तेथे आपल्या सुमारे तीनशे वर्षे आधी झाले होते. पुढच्या शतकांत छायानाट्याने द्रौपदीला एकट्या युधिष्ठिराची पत्नी केले आणि शिखंडीची धनुष्य चालवणारी श्रीकांदी करून तिला अर्जुनाची बायको केले. हे बदल जाणत्या लोकांनी, आपल्या समाजाच्या रीतीनीती डोळ्यांसमोर ठेवून केले. मुक्तेश्वरांनी आणि मोरोपंतांनी भारत सांगताना स्वतःचे काही घातले म्हणून आपण त्यांना अज्ञानी म्हणत नाही.

‘आपले’ या शब्दाचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो मला परत आल्यावर वाचनातून कळला. जून १८१२ मध्ये इंग्रजांनी योग्यकार्त्याच्या राजवाड्यावर हल्ला करून तो लुटला. त्या फौजेत बंगालच्या पलटणीतील हिंदी शिपाई होते. राजवाड्यातील हस्तलिखिते वाहून नेली गेली. त्यांतील ७५ पोथ्यांच्या डिजिटल प्रती ब्रिटिश लायब्ररीने २०१९ मध्ये दहाव्या सुलतानांच्या स्वाधीन केल्या, मूळ पोथ्या मात्र लंडनमध्येच आहेत. त्या लुटीनंतर तीन वर्षांनी, १८१५ मध्ये, मध्य जावात राहिलेल्या याच हिंदी शिपायांपैकी काहींना तेथील देवळे आणि मूर्ती पाहून हा आपल्याच देवांचा देश आहे असे वाटू लागले. त्यांनी सुरकार्त्याच्या राजाशी इंग्रजांविरुद्ध संधान बांधले; कट फुटला आणि म्होरक्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या शिपायांच्या भावनेबद्दल मला अनादर नाही. परमुलखात, परक्याच्या नोकरीत असलेल्या माणसाला ओळखीची मूर्ती दिसल्यावर काय वाटले असेल, हे मी समजू शकते. परंतु ज्या गावचा राजवाडा लुटण्यात आपली माणसे सामील होती, त्या गावाला ‘तुम्ही आमचे नीट सांभाळले नाही’ असे सांगण्याआधी आपण थोडे थांबले पाहिजे.

आणि सांभाळण्याचेच बोलायचे तर कातडी बाहुल्या आपल्याकडेही आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथी आणि कातडी बाहुल्यांचा रामायणाचा खेळ जपला आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. चित्रांच्या पोथीवर बोट ठेवत कथा सांगणाऱ्या चित्रकथ्याला जावामध्ये भाऊ आहे. तेथे चित्रांची लांब गुंडाळी उलगडत कथा सांगण्याच्या प्रकाराला वायांग बेबेर म्हणतात. मी कोकणात वर्षानुवर्षे जाते, पण पिंगुळीला पहिल्यांदा गेले ती जावाहून परतल्यावर. तेथील रावणाची बाहुली पाहताना योग्यकार्त्याच्या त्या मुलीला ती दाखवावी असे सारखे वाटत होते. तिला त्यातले काय ओळखीचे वाटले असते आणि ती काय वेगळे म्हणाली असती, हे मला अजून जाणून घ्यायचे आहे.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे की, जावावर पुढचा लेख छापाल तेव्हा तो एखाद्या दालांगशी, बातिक करणाऱ्या बाईशी किंवा संग्रहालयातल्या माणसाशी बोलून लिहिलेला असावा. प्रवासी कंपन्यांनाही आपल्या स्तंभातून सुचवावे की, मालिओबोरोवरच्या खरेदीतले दोन तास त्यांनी सोनोबुदोयोला द्यावेत. संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून योग्यकार्त्याचा मुक्काम मंगळवार ते रविवार यांत धरावा, सकाळी दालने पाहावीत आणि रात्रीच्या छायानाट्यासाठी पुन्हा यावे; बसण्यासाठी पडद्याच्या मागची बाजू आधी मागून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा